रात्री पास्ता, सकाळी वाढलेली साखर: नेमकं काय होतं आणि काय करायचं

नमस्कार. तुम्ही सगळे आकडे लिहून दिलेत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही म्हापशाचे, वय ५८, आठ वर्षांपासून टाइप २ मधुमेह. गोळ्या दोन: मेटफॉर्मिन दोन वेळा, ग्लिमेपिराइड सकाळी नाश्त्याच्या वेळी. रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास सून नातवंडांसाठी व्हाइट सॉसचा पास्ता करते, सोबत गार्लिक ब्रेड. तुम्हीही एक बशी भरून खाता. दोन तासांनी मीटरवर १४६ येते, सगळ्यांना बरं वाटतं. सोमवारी सकाळी उपाशीपोटी मात्र १६८. एरवी सकाळचा आकडा ११५ ते १२५ च्या आत असतो. सून म्हणते पास्ता रव्याचा, चालतो. पत्नी म्हणतात तो मैदाच, त्यापेक्षा शीत-कडी, म्हणजे आपला भात आणि माशाची आमटी, जेवा. तुमचा प्रश्न एवढाच, की पास्ता चालतो की नाही.

मी मडगावात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण मधुमेहाचेच असतात. यात नवल नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात देशातलं मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं आणि गोव्याचं २६.४ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. तेव्हा हा प्रश्न तुमच्या एका घरातला नाही. हल्ली तर पोरं घरी आली की पास्ता होतोच.

तुम्हाला पास्ता चालेल. आत्ता जी बशी खाता ती मात्र चालणार नाही, आणि दोन तासांचा एकच आकडा बघून निकाल लावणंही चालणार नाही. ही दोन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सून आणि पत्नी यांच्यातला वाद. चांगल्या सुक्या पास्त्याच्या पाकिटावर घटकांमध्ये पहिलं नाव ड्युरम व्हीट सेमोलिना असतं. ड्युरम हा कडक जातीचा गहू, त्याचा हा रवा. पीठ घट्ट मळून साच्यातून जोराने दाबून काढतात आणि वाळवतात. त्यामुळे गव्हातल्या प्रथिनांची जाळी स्टार्चच्या कणांभोवती घट्ट बसते, आणि आतड्यातल्या पाचकरसांना त्या कणांपर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून त्याच गव्हाचा पाव केला तर साखर भराभर चढते आणि पास्ता केला तर हळू. कोणता पदार्थ साखर किती भराभर चढवतो हे सांगणाऱ्या ग्लायसेमिक इंडेक्सच्या तक्त्यांत ग्लुकोजला १०० धरतात. पांढरा पाव साधारण ७५ च्या आसपास असतो, तर बेताने शिजवलेली स्पॅगेटी ५० च्या आसपास. तेव्हा सुनेचं म्हणणं बरोबर, पण पाकीट ड्युरमचंच असेल तर. स्वस्त पाकिटांत आणि मसाल्याची पुडी घातलेल्या झटपट पास्त्यात मैदा असू शकतो. तिथे पत्नींचं बरोबर. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा, वाद मिटेल.

आता मापाचं बघू, कारण खरी गोम तिथे आहे. १०० ग्रॅम सुक्या पास्त्यात सुमारे ७२ ग्रॅम कर्बोदकं असतात. शिजल्यावर त्याचं वजन दुपटीहून थोडं जास्त होतं, म्हणून बशीत बघून अंदाज येत नाही. भरून घेतलेली बशी म्हणजे सहसा १०० ग्रॅम सुका पास्ता, कधी त्याहून जास्त. वर गार्लिक ब्रेडचे दोन तुकडे, त्यांची २५ ग्रॅम धरा. व्हाइट सॉसमधला मैदा आणि दूध मिळून दहाएक ग्रॅम. बेरीज १०० च्या पुढे गेली. तुमच्यासारख्या, दिवसभर फार कष्टाचं काम नसलेल्या माणसाला मी रात्रीच्या जेवणात ४५ ते ६० ग्रॅम कर्बोदकं सुचवते. म्हणजे रविवारी रात्री तुम्ही जवळजवळ दोन वेळचं एका वेळी जेवता. इंडेक्स कितीही कमी असला तरी एवढी रक्कम शरीराला कधी ना कधी चुकवावीच लागते.

मग १४६ कसे आले? पास्ता मुळातच हळू पचतो. त्यात तुमच्या बशीत लोणी, चीज आणि साय आहे. चरबी जठर रिकामं व्हायचा वेग कमी करते, त्यामुळे दोन तासांनी तुमच्या जेवणाचा बराच भाग अजून पोटातच असतो. बोट टोचून बघता तेव्हा रक्तात फक्त पहिला हप्ता पोचलेला असतो. बाकीचा मध्यरात्र उलटली तरी येत राहतो, तोवर तुम्ही झोपलेले. शिवाय जास्त चरबीच्या जेवणानंतर काही तास इन्शुलिनचा परिणामही मंदावतो. पिझ्झा खाणाऱ्यांत हे नेहमी दिसतं. बिर्याणीनंतरही दिसतं.

तरी सोमवारच्या १६८ चं सगळं खापर पास्त्यावर फोडायला मी तयार नाही. पहाटे शरीर स्वतःच काही संप्रेरकं सोडतं आणि यकृत साखर बाहेर काढतं, त्याने अनेकांचा सकाळचा आकडा वाढतो. रविवारी दुपारचं जेवण जड झालं असेल, झोप उशिरा झाली असेल, रात्रीची मेटफॉर्मिनची गोळी राहून गेली असेल, तर तेही मोजावं लागेल. आणि घरच्या मीटरची मर्यादाही ध्यानात ठेवा: मान्य निकषांप्रमाणे १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्के इकडे-तिकडे चालतं. म्हणजे १४६ चे खरे १२५ ही असू शकतात आणि १६५ ही. त्यामुळे एका रविवारवरून ठरवू नका. हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच टोचा. मानकुराद आंबा कापून तसंच बोट टोचलं आणि आकडा बघून घाबरून फोन केला, असे लोक मला दर मोसमात भेटतात.

खरं काय ते कळायला हे करा. एका रविवारी पास्ता दुपारी खा, एक वाजता. जेवणापूर्वी, दोन तासांनी, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी, असे चार आकडे लिहा. चार तासांचा आकडा घेईपर्यंत मध्ये काही खाऊ नका, चहाही बिनसाखरेचा. काय खाल्लं आणि किती, तेही शेजारी लिहा. पुढच्या रविवारी पुन्हा दुपारीच पास्ता, पण मी खाली सांगते त्या मापाने आणि पद्धतीने, आणि पुन्हा तेच चार आकडे. पट्ट्या महाग असतात हे मला माहीत आहे. रोज एक पट्टी उगाच घालवण्यापेक्षा अशा दोन दिवसांत आठ खर्च केल्या तर उपयोग जास्त. जेवणानंतरचा आकडा १८० च्या आत आणि जेवणाआधीचा ८० ते १३० च्या दरम्यान, हे सर्वसाधारण लक्ष्य. वय, हृदय, मूत्रपिंड बघून तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर ते धरा. चार तासांचा आकडा दोन तासांच्या आकड्यापेक्षा जास्त आला, तर पचन लांबतंय असं धरायला हरकत नाही.

आता बशी कशी करायची ते सांगते.

सुका पास्ता ५० ते ६० ग्रॅम, आणि तोही तराजूवर. स्वयंपाकघरात छोटा डिजिटल काटा नसेल तर घ्या, तो मिक्सरपेक्षा स्वस्त पडतो. एकदा ६० ग्रॅम पेने मोजून घरातल्या वाटीत घाला आणि कुठपर्यंत येते ते बघून ठेवा. पुढच्या वेळी काटा लागणार नाही. स्पॅगेटी वाटीने मोजता येत नाही, ती काट्यावरच घाला. ६० ग्रॅम म्हणजे कर्बोदकं ४३ च्या आसपास. यात गार्लिक ब्रेडला जागा उरत नाही. पाव, पोई, बटाटा, मक्याचे दाणे हे सगळं त्याच खात्यातून जातं. पोई हा आपला कोंड्याचा पाव, पण म्हणून ती मोकळी सोडू नका. बऱ्याच ठिकाणी हल्ली आत मैदा आणि वरून तेवढा कोंडा असतो.

शिजवताना पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर नवव्या मिनिटाला एक तुकडा काढा, सुरीने आडवा कापा आणि मधोमध बघा. टाचणीच्या टोकाएवढा पांढरट ठिपका अजून दिसत असेल तर उतरवायची वेळ आली. दाताखाली जरा लागला पाहिजे. नातवंडांना मऊ हवा असतो, म्हणून तुमचा वाटा आधी चाळणीने काढून घ्या आणि त्यांचा आणखी दोन-तीन मिनिटं ठेवा. जास्त शिजला की ती प्रथिनांची जाळी सैल पडते, कण फुगतात, आणि हळू पचायचा फायदा बराचसा जातो. सॉसमध्येही पुन्हा दहा मिनिटं उकळत ठेवू नका, फक्त परतून घ्या. रक्तदाब असेल तर उकळत्या पाण्यातलं मीठ कमी करा.

शिजवून फ्रिजमध्ये गार केलेला पास्ता दुसऱ्या दिवशी गरम करून खाल्ला तर साखर कमी वाढते, हे तुमच्या वाचनात आलं असेल. त्यात तथ्य आहे. थंड होताना स्टार्चचा काही भाग असा बसतो की तो लहान आतड्यात पचत नाही. पण फरक बेताचाच पडतो. उरलेला पास्ता तसा वापरायला हरकत नाही, त्या भरवशावर माप मात्र वाढवू नका. आपल्या दमट हवेत तो ओट्यावर राहू देऊ नका, वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये.

सॉस हा तुमच्या बशीतला सगळ्यात मोठा बदल. पांढऱ्याऐवजी टोमॅटोचा करा: पिकलेले टोमॅटो, कांदा, भरपूर लसूण, मिरपूड, दोन चमचे तेल, घरी असेल तर तुळशीसारखी बेझिलची पानं. बाटलीतल्या सॉसमध्ये बऱ्याचदा साखर घातलेली असते, तो घ्यायचाच असेल तर लेबल वाचून घ्या. चीज वरून किसून एक चमचा, चवीपुरतं. आणि बशीतला अर्धा भाग तरी पास्ता सोडून दुसऱ्या गोष्टींचा असू दे. गोव्यात राहून याची चिंता करायचं कारण नाही. सुंगटं (कोळंबी) सोलून लसणीवर परतली, किंवा तिसऱ्यो (शिंपल्या) उकडून त्यांचं पाणी सॉसमध्ये घातलं, की चीजची आठवणही येत नाही. इटलीच्या किनाऱ्यावरचे लोक तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांची स्पॅगेटी हौसेने खातात, त्यात साय नसते. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि चांगली सुंगटं मिळत नाहीत, तेव्हा अंडी, पनीर किंवा कडधान्य घ्या. अळसांदे (मोठी चवळी) भिजवून उकडून टोमॅटोच्या सॉसमध्ये घाला आणि पास्ता ४० ग्रॅमवर आणा. कडधान्यात प्रथिनं आणि तंतू दोन्ही, साखर सावकाश चढते. गुरुवार-सोमवार शाकाहारी असणाऱ्यांना मी हेच सांगते. गव्हाचा अख्ख्या दाण्याचा किंवा चण्याच्या पिठाचा पास्ता मिळतो, तो चांगलाच, पण महाग आहे. परवडत असेल तर आणा.

खाण्याचा क्रमही बदलून बघा. आधी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर किंवा तांबडी भाजी, मग मासे किंवा अंडं, आणि पास्ता शेवटी. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिसिनमधल्या संशोधकांनी मेटफॉर्मिन घेणाऱ्या टाइप २ च्या रुग्णांवर हे तपासलं होतं. तेच जेवण, पण भाज्या आणि प्रथिनं आधी खाल्ली तेव्हा जेवणानंतरची साखर लक्षणीय कमी राहिली. ती पाहणी अगदी थोड्या माणसांवर झाली होती, तरी माझ्या रुग्णांच्या वह्यांत मला तेच दिसतं. करायला पैसा लागत नाही. घरातले सगळे एकत्र जेवत असतील तर भाजीची वाटी तुमच्यापुढे दहा मिनिटं आधी ठेवायला सांगा.

वेळेचं तर तुम्ही स्वतःच लिहिलंय, साडेनऊ. ते साडेसात-आठवर आणा. नातवंडांची दुसऱ्या दिवशी शाळा असते, सूनबाईंनाही बरंच पडेल. जेवणानंतर लगेच टीव्हीसमोर बसू नका. अंगणात, रस्त्यावर, पाऊस असेल तर घरातल्या घरात पंधरा मिनिटं चाला. चालणारे स्नायू साखर ओढून घेतात आणि त्यासाठी इन्शुलिनवर फारसे अवलंबून राहत नाहीत.

आता गोळ्यांबद्दल. हे लक्ष देऊन वाचा. मेटफॉर्मिनने एकट्याने साखर सहसा धोकादायक खाली जात नाही. ग्लिमेपिराइडने जाऊ शकते, कारण ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवलेले असा किंवा नसा. बरेच जण ‘संध्याकाळी पास्ता आहे’ म्हणून दुपारचं जेवण सोडतात किंवा नाश्ता नावापुरता करतात. ग्लिमेपिराइड घेऊन हे मुळीच करू नका. दुपारी पास्ता करून बघाल त्या दिवशीही नाश्ता नेहमीसारखा, आणि जेवण वेळेवर. रविवारी पाहुणे येतात, अडीच वाजतात, पोट रिकामं, आणि त्यात फेणीचा किंवा बिअरचा ग्लास. मला सर्वांत जास्त काळजी याच दृश्याची वाटते. दारू यकृताला साखर सोडू देत नाही, आणि गोळी तिकडे तिचं काम करतच असते. घाम, हातांना कंप, धडधड, गोंधळल्यासारखं झालं तर मीटर लावा. ७० च्या खाली असेल तर ग्लुकोज पावडर तीन चमचे पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. त्या क्षणी पास्ता खाऊन उपयोग नाही, तो हळू पचतो. साखर वर आल्यावर मग जेवा. अकार्बोज किंवा वोग्लिबोज या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी अशा वेळी साधी साखर न घेता ग्लुकोजच घ्यावं, कारण त्या गोळ्या साध्या साखरेचं विघटन अडवतात.

इन्शुलिन घेणारे हे वाचत असतील तर त्यांनी माझं माप जसंच्या तसं उचलू नये. जेवणाआधीचं जलद इन्शुलिन लवकर जोर धरतं आणि चीज-सायीचा पास्ता उशिरा पचतो. त्यामुळे दोन तासांनी साखर खाली जाऊन पाच तासांनी वर चढलेली दिसू शकते. डोस आणि त्याची वेळ तुमच्या डॉक्टरांशीच बोलून ठरवा. गरोदरपणातल्या मधुमेहात लक्ष्यं जास्त कडक असतात, जेवणानंतर एका तासाला १४० च्या आत आणि दोन तासांना १२० च्या आत, तिथे ६० ग्रॅमही जास्त होऊ शकतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर टोमॅटो, कडधान्यं आणि प्रथिनं यांचं माप तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. जेवणानंतर पोट तासन्‌तास फुगलेलं राहत असेल, थोडं खाऊन भरल्यासारखं वाटत असेल, तर जठराच्या नसांची तपासणी आधी. हे फक्त पास्त्यापुरतं नाही.

पत्नींच्या शीत-कडीबद्दल एक सांगायचं राहिलं. त्या जे ताट म्हणतात त्यात हुमण म्हणजे माशाची आमटी आहे, एखादा बांगडा आहे, तांबडी भाजी किंवा वालाची भाजी आहे, आणि साय-चीज नाही. ते ताट तुमच्या रविवारच्या बशीपेक्षा नक्कीच चांगलं, त्यांच्या बाजूने मी आहे. पण ६० ग्रॅम तांदळातही कर्बोदकं ४७ च्या आसपास असतात, आणि पॉलिश केलेला सुरय (न उकडलेला पांढरा) तांदूळ पास्त्यापेक्षा लवकर साखर चढवतो. उकडा तांदूळ त्याहून बरा. तोही दोनदा वाढून घेतला तर तुम्ही पुन्हा त्याच १०० ग्रॅमवर. तेव्हा भाताचंही माप काट्यावरच करा, तांदूळ कच्चे असताना. मग दोन्ही ताटांची तुलना खरी होईल.

बाहेर खायची वेळ आली, आसगावला किंवा मोरजीला मुलांनी नेलं, तर तिथली एक प्लेट घरच्या दोन बशांएवढी धरा. टोमॅटो किंवा लसूण-तेलावरची मागवा, सोबत सॅलड आणि मासा, आणि प्लेट येताच अर्धी वेगळी काढून मुलांच्या पुढे सरकवा. ब्रेडची टोपली परत करा.

आधी मी सांगितलेली नवी बशी दुपारी करून बघा, मग रात्री साडेसातला. दोन्ही वेळी सोमवारचा सकाळचा आकडा १३० च्या आत राहिला तर आठवड्यातून एकदा पास्ता खाल्ला म्हणून मनाला लावून घेऊ नका. एवढं करूनही सकाळी १६० च्या पुढेच येत असेल, तर ते रात्रीच्या जेवणाच्या पलीकडचं आहे. त्या चार-चार आकड्यांचं पान, गोळ्यांच्या वेळा आणि शेवटचा एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) घेऊन डॉक्टरांकडे जा. तुम्ही एचबीए१सी लिहिलेला नाही. तीन महिन्यांत केला नसेल तर तोही करून घ्या. गोळी वाढवायची, वेळ बदलायची की ग्लिमेपिराइडऐवजी दुसरं काही द्यायचं हे ते ठरवतील, आणि त्यांना ठरवायला ते पान लागेल. आकडे आले की इथेही टाका, मी बघून सांगते.